चपलांशी भांडणारी गंगाक्का

गंगाक्का चपला शिवून पोट भरायची आणि दिवसभर चपलांनाच शिव्या द्यायची. गिऱ्हाइकानं चप्पल पुढे केली की ती आधी हातात घेऊन उलटीसुलटी बघायची, पुढच्या टोकात दोन बोटं घालायची आणि डाफरायची, "काय गं भवाने, माणसाचा पाय खातीस व्हय?" गिऱ्हाईक नवं असेल तर त्याला वाटायचं, आपल्यालाच बोलली. मग अक्का त्याच्याकडे बघून शांतपणे सांगायची, "शिवून देते. पर घालू नगंस."

एकदा एक नवी नवरी पणजीहून घेतलेल्या टोकदार, उंच टाचांच्या चपला घेऊन आली होती. एक टाच निखळली होती. अक्कानं ती इतकी पक्की बसवली की मूळ कारागिरालाही जमलं नसतं. मग कागदात गुंडाळून नवरीच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "फोटोपुरत्या घाल हां, बाय. फोटो निघाला की काढ. बोटं काय फोटोत येत न्हाईत, जलमभर तुझ्याजवळच राहणार हायत." नवरी हसली, पण तिची सासू रागावली. अक्काचं अर्धं गिऱ्हाईक असं रागावून जाई आणि चप्पल तुटली की परत तिच्याचकडे येई.

डिचोलीच्या बाजाराच्या तोंडाशी एक कायम बंद असलेलं दुकान होतं. त्याच्या फळ्यांना टेकून, वर पत्र्याचा तुकडा लावून ती बसायची. मागे एक लहानशी खोली होती, तिथे तिचा संसार. कोल्हापूरकडच्या कुठल्याशा खेड्यातून नवऱ्याबरोबर ती इकडे आली. नवरा खाणीवर कामाला लागला. त्याला सगळे बापू म्हणत. चपला शिवण्याचा धंदा खरं तर अक्काच्या माहेरचा. वडिलांच्या शेजारी बसून ती लहानपणी शिकली होती. बाईमाणूस बाजारात बसून चामडं कापायची रापी चालवतं याचं पहिल्यांदा लोकांना नवल वाटलं. मग सवय झाली.

तिची भाषा म्हणजे एक खिचडी होती. कोल्हापुरी रांगडेपणात ती "कितें", "बाय", "बरें" असे इथले शब्द बिनदिक्कत मिसळायची. ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. मराठी की कोकणी, यावरून भिंती रंगलेल्या, रस्ते अडवलेले, शेजाऱ्याशी शेजारी बोलेना. कुणीतरी अक्कालाही विचारलं, "तू खंयच्या बाजूची गो?" ती दोरा ओढता ओढता म्हणाली, "मी कोकणीत चुकते आणि मराठीत शिव्या देते. मला दोन्ही लागत्यात."

माझे बाबा मुळगावच्या शाळेत मास्तर, आणि कडवे मराठीवाले. आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे विनायक सर तितकेच कडवे कोकणीवाले. दोघांची वीस वर्षांची मैत्री. दर रविवारी डिचोलीत एकत्र चहा घ्यायची रीत. त्या वर्षी ती मोडली. बाबा घरी त्यांचं नावही काढीनात. मी मात्र त्यांच्या वर्गात रोज बसत होते, आणि "बाबा कसे आसात गो?" असं विचारावंसं वाटूनही ते विचारत नाहीत, हे मला दिसत होतं.

माझी आणि अक्काची गाठ पडली ती पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांमुळे. बाबांनी ते मी आठवीत गेले तेव्हा घेतले. नववीत माझे पाय वाढले, बूट वाढले नाहीत. नवे मागायची आमच्या घरी रीत नव्हती. वस्तू फाटली की नवी येई, आणि ते बूट काही केल्या फाटेनात. कवायतीच्या दिवशी मी पाय आखडून ते चढवायची. हळूहळू दोन्ही पायांची दुसरी बोटं मधल्या पेरात वर उचलली गेली, टोकं खाली दबली. वरच्या सांध्यावर कडक कुरूप आलं. दुखायचं, पण मी कुणाला सांगितलं नाही. आईला दिसलं तेव्हा तिला उलट बरंच वाटलं. माझं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. अशी मुलगी नवऱ्याला मुठीत ठेवते, म्हणून लग्नाला अडचण येते, असं तिच्या मनात होतं. "आखडलं तें बरें जालें," ती म्हणाली.

शेवटी एका बुटाचा तळ सुटला. मी मनातून खूश. पण बाबा म्हणाले, "तळच तर सुटलाय. अक्काकडून शिवून आण."

अक्कानं बूट घेतले, आत बोटं घातली आणि शिवी न देता माझ्याकडे बघितलं. "पाय ठेव हितं." तिच्या मांडीवर एक जाड पोतं होतं, त्यावर मी पाय ठेवला. तिनं माझं वाकडं बोट दोन बोटांत धरलं आणि अगदी हळू, कळी उघडावी तसं सरळ केलं.

"दुखतंय?"

"थोडं."

"सरळ व्हतंय मात्र. अजून मऊ हाय." तिनं सोडलं तसं बोट पुन्हा वर उठलं. "देवानं येळेवर धाडलं तुला. आणखी वरीसभर गेलं असतं तर हाडासारखं झालं असतं."

एवढं बोलून तिनं रापी उचलली आणि माझ्या दोन्ही बुटांची पुढची टोकं साफ कापून टाकली. मला काही सुचायच्या आत. बोटं बाहेर येतील असं मोठं भोक. मी रडतच घरी आले.

आमचे बाबा आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी ते कापलेले बूट पिशवीत घालून, मला बरोबर घेऊन ते बाजारात गेले. "अहो बाई, कुणाला विचारून कापलंत हे?"

"पोरीच्या बोटाला इचारलं," अक्का म्हणाली.

बाबांच्या मानेची शीर फुगली. ते काही बोलणार तेवढ्यात ती उठली. "मास्तर, रागवा, पर आधी वाईच आत या."

खोलीत बापू खाटेवर बसला होता. तोवर मी त्याला फक्त दुरून पाहिलं होतं. अक्कानं त्याच्या डाव्या पायावरचं फडकं काढलं. तीन बोटं नव्हतीच. उरलेली दोन आकड्यासारखी वाकलेली. तिनं बाबांचा हात धरला आणि बापूच्या बोटावर ठेवला. "सरळ करून बघा." बाबांनी हलकेच प्रयत्न केला. बोट लाकडासारखं होतं.

बापूला खाणीवर मिळालेले बूट एक नंबर लहान होते. साहेबाला सांगितलं तर तो म्हणाला, चामडं आहे, सैल होईल. चामडं सैल झालं नाही, बोटं मुडपली. वर कुरुपं आली. बापूला साखरेचा आजार होता, ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुरूप फुटून जखम झाली तरी त्याला दुखेना. तांबड्या चिखलात, ओल्या मोज्यात ती चिघळली. पणजीच्या इस्पितळात डॉक्टरांनी बोटं कापली. "डाक्टर म्हनला, ह्याला हॅमर टो म्हणत्यात, म्हंजे हातोडा," अक्का सांगत होती. "मी म्हनलं, हातोडा कसला, बिचाऱ्या बोटावरच हातोडा पडलाय. मग त्यानंच बसवून समदं सांगितलं. कशानं व्हतं, कशानं टळतं. तवापासनं माझं डोळं पायाकडं जात्यात."

बापूनं फडकं पुन्हा पायावर ओढलं. तो बाबांना म्हणाला, "बूट नवं मिळालं तवा मी लई मिरवलो, मास्तर. गावाला फोटो धाडला."

घरी येताना वाटेत बाबा म्हणाले, "अक्का सांगेल तसं कर."

अक्का सांगायची ते फार साधं होतं, पण तिला रोज हवं असायचं. जुन्या मऊ लुगड्याची बोटभर पट्टी ती वाकड्या बोटाच्या वरून आणि शेजारच्या दोन बोटांच्या खालून घ्यायची, म्हणजे बोट खाली दबून सरळ राहायचं. घट्ट बांधायची नाही. बोटाचा रंग बदलला तर लगेच सोडायची. कुरुपावर मऊ चामड्याची चकती लावायची, मधे भोक पाडलेली, म्हणजे दाब कुरुपावर न पडता भोवती पडायचा. कुरूप ब्लेडनं कापायला मात्र सक्त मनाई. "कापून घेशील तर पुन्यांदा माझ्यापाशी यायचं न्हाई."

आणि व्यायाम. आमच्या अंगणात काजूच्या बिया वाळत असायच्या. त्या पायाच्या बोटांनी एकेक उचलून करवंटीत टाकायच्या. पहिल्या दिवशी मला एकही उचलता आली नाही. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "हें कसलें गो आनी?" म्हणाली. दोन दिवसांनी मी शाळेतून आले तर आई एकटीच अंगणात उभी, पदर खोचून, डाव्या पायानं बी उचलायच्या खटपटीत. मला बघून ओशाळली. मग तिनं पाय पुढे केला. तिच्याही करंगळीजवळचं बोट वाकलेलं होतं, कधीपासून कोण जाणे.

आईला मी अक्काकडे नेलं. अक्कानं बोट दाबून पाहिलं, मान हलवली. "हे आता माझ्या पट्टीनं सरळ व्हनार न्हाई, वहिनी. लई दुखायला लागलं तर पणजीला डाक्टर आपरेशन करतो. न्हाई दुखत, तर नगा करू. मी तुम्हाला पुढून उंच, रुंद चप्पल करून देते. बोट सुखात राहील." असं ती स्वच्छ सांगायची. जखम दिसली, किंवा साखरेचा आजार आहे असं कळलं, तर हातही लावायची नाही. "हितं माझं काम न्हाई. आजच्या आज दवाखान्यात जा. उद्या न्हाई, आज."

नवी चप्पल करताना ती माप नेहमी संध्याकाळी घ्यायची. सकाळी कुणी आलं तर परत पाठवायची. दिवसभर चालून पाय थोडा सुजतो, तेव्हाच त्याचं खरं माप कळतं, असं तिचं म्हणणं. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. "बोटाला बी अंगण लागतंय," ती म्हणायची.

पावसाळा संपेपर्यंत माझी बोटं जवळजवळ सरळ झाली. उजवं पूर्ण, डावं थोडं राहिलं. बाबांनी नवे बूट आणले, अक्काच्या समोर माप घेऊन.

मग अक्काच्या डोक्यात खाणीचे बूट आले. बापूसारखे अजून कितीतरी होते. आमच्या गावचे, सिंधुदुर्गातून आलेले, तिच्या कोल्हापूरकडचे. पाळी संपली की ते घरी जाताना तिच्यासमोरून जात. ती एकेकाला थांबवून जुन्या वर्तमानपत्रावर उभं करायची आणि पायाभोवती पेन्सिल फिरवायची. मग त्याचाच बूट त्या आकृतीवर ठेवून लाल पेन्सिलीनं दुसरी रेघ मारायची. दोन महिन्यांत तिच्याजवळ मोठा गठ्ठा जमला. जवळजवळ प्रत्येक कागदावर तेच दिसत होतं: पाय बाहेर, बूट आत.

हे साहेबाला दाखवायचं तर अर्ज हवा. तिनं बाबांना रविवारी चार वाजता बोलावलं. मी चकतीचं चामडं आणायला बरोबर गेले होते. आम्ही पोचलो तर फळीवर विनायक सर बसलेले. तिनं त्यांनाही चारलाच बोलावलं होतं. बाबा जागीच थबकले. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बसा दोघं बी," अक्का म्हणाली. "माझ्या धन्याची बोटं गेली, दुसऱ्यांची जायची हायत. तुमचं भांडान मागनं करा."

बाबा बसले. थोड्या वेळानं ताठ आवाजात म्हणाले, "अर्ज मराठीत व्हायला हवा."

"सायब मराठी वाचिना, मास्तर," सर म्हणाले. मग जरा थांबून, "कोंकणीय वाचिना."

बाबांच्या ओठाचा कोपरा हलला. मग ते हसू आवरेनात. सरही हसायला लागले. एवढ्या महिन्यांनी. "तुमी सांगात, हांव इंग्लिशींत बरयतां," सर म्हणाले, आणि बाबा एकेक वाक्य सांगू लागले. मधेच एका शब्दावरून वादही झाला. अक्कानं चहा मागवला आणि दोघांकडे पाठ करून चप्पल शिवत बसली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, मला मागून कळलं नाही.

खाणीच्या ऑफिसातून दोनदा शिपायानं परत पाठवलं. तिसऱ्या वेळी अक्का, बाबा, सर आणि काठी टेकत बापू असे चौघं गेले. मी नव्हते, पण ही हकीगत बाबांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की मी तिथे असल्यासारखंच वाटतं. साहेब तरुण होता, परमुलखातला. अर्ज वाचून त्यानं बाजूला ठेवला आणि म्हणाला, बघू. तेव्हा अक्कानं गठ्ठा सोडला आणि कागद जमिनीवर पसरायला लागली. एकेक करत सगळी फरशी भरली. छापलेल्या मथळ्यांत मराठी की कोकणी यावरून रणं माजलेली, आणि त्यांच्यावर माणसांची पावलं. साहेब टेबलामागून उठून आला. वाकून बघत राहिला. मग त्यानं बापूला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "तुमचा कागद कुठला?"

"माझा न्हाई काढला," बापू म्हणाला. "बोटं कुठं हायत?"

सगळं बदललं, असं म्हणणार नाही. पण पुढच्या खेपेला मोठे नंबर आले, पुढून रुंद असेही काही आले, आणि चावणारा बूट बदलून मागायची मुभा मिळाली. काही जण मागायला लाजायचे. मोठा बूट विदूषकासारखा दिसतो म्हणायचे. अक्का त्यांना भर बाजारात हाका मारून बूट बदलायला परत पाठवायची.

त्याच सुमारास भाषेचा निकाल लागला, कोकणी राजभाषा झाली, मग गोवा राज्य झालं. बाबा त्या दिवशी खट्टू होते की खूश, ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी मात्र ते विनायक सरांबरोबर चहाला गेले.

दोन वर्षांनी बापूचा पाय पुन्हा बिघडला. या खेपेला विष वर चढलं. इस्पितळात आठ दिवस होता. अक्का त्याच्या उशाशी बसून राहिली, आणि बाबा एक दिवसाआड पणजीला जाऊन यायचे. तो गेल्यावर अक्कानं महिनाभर दुकान मांडलं नाही. मग एक दिवस येऊन म्हणाली, "मास्तर, गावाकडं भाऊ हाय. जाते."

तिला पोचवायला आम्ही डिचोलीच्या स्टँडवर गेलो. खाणीवरची माणसंही पाळी संपवून तशीच आली होती, तांबड्या धुळीनं माखलेली. कुणी केळी आणली होती, कुणी उंडे पाव. तिनं आईच्या गालावरून हात फिरवला. मला जवळ घेतलं. तिच्या लुगड्याला चामड्याचा आणि खळीचा वास होता. बाबांना म्हणाली, "मला लिवता येत न्हाई. तुम्ही लिवा. कुनीतरी वाचून दावंल."

बाबा दर दिवाळीला लिहायचे. उत्तर भाचीच्या अक्षरात यायचं, चार ओळींचं. मी खुशाल हाय. पोरांच्या चपला करते. वहिनींच्या बोटाचं कसं हाय. एका दिवाळीला उत्तर आलं नाही. बाबांनी पंधरा दिवस वाट पाहिली. कधी बेळगावच्या पुढे न गेलेला हा माणूस एका सकाळी पिशवीत दोन कपडे घालून कोल्हापूरच्या गाडीत बसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आले. पायरीवरच बसले, आत आले नाहीत. "श्रावणातच गेली," म्हणाले. "घर सापडलं. भाऊ भेटला. शेवटच्या आठवड्यापर्यंत बसून काम करत होती म्हणाला. शाळेतल्या एका मुलीची चप्पल करायला घेतलेली, एक झाली, एक राहिली. भाचीनं पुरी केली ती. पोरगी मला दाखवायला आली होती. अंगणात धावून दाखवलं तिनं."

एवढं सांगून बाबा थांबले आणि तोंडावर पंचा धरून रडायला लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आईनं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्याजवळ ठेवला. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. जरा वेळानं रस्त्यावरून सायकलची घंटा वाजली. विनायक सर आले होते. सायकल माडाला टेकवून येऊन बाबांच्या दुसऱ्या बाजूला बसले.